एक गोळी, चोवीस तास
(संस्थेच्या पनवेल येथील आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, बँकेतले कारकून आहोत. पण रक्तदाबाची गोळी रोज घेतो, म्हणून दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

१९९४ साली आमच्या वडिलांचा रक्तदाब वाढला, तेव्हा एका दवाखान्यात निफेडिपिनची कॅप्सूल टोचून त्यांच्या जिभेखाली दिली गेली. आकडा झरझर उतरला, आम्हाला हायसे वाटले. पण थोड्याच वेळात वडिलांना घाम फुटला, चक्कर आली व ते कोसळले. सुदैवाने वाचले. त्या काळी ही पद्धत सर्रास होती. पुढे १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ती थांबवावी असे प्रतिपादन झाले. कारण रक्तदाब एकाएकी कोसळला की मेंदूला व हृदयाला रक्त अपुरे पडते.

साध्या निफेडिपिनचे रक्तातील प्रमाण सुमारे २ तासांत निम्मे होते. म्हणजे दिवसातून तीन वेळा औषध, आणि तरी दाबाचा चढउतार चालूच. पनवेलहून सकाळची लोकल गाठणाऱ्याची दुपारची गोळी डब्याबरोबर पिशवीतच राहते! याउलट ॲम्लोडिपिनचे प्रमाण निम्मे व्हायला ३० ते ५० तास लागतात. दिवसातून एकच गोळी पुरते. २०१७ साली भारतात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा दिवसातून एकदा घ्यायच्या गोळ्यांवरच भर आहे.

मात्र या गोळीचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. चार दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून ती सोडू नये, बरे वाटते म्हणूनही सोडू नये. पाय सुजले तर डॉक्टरांना सांगावे. लांब पल्ल्याची म्हणून दिलेली निफेडिपिनची गोळी फोडू वा चावू नये, सगळे औषध एकदम उतरते. शेजाऱ्याची गोळी तर मुळीच घेऊ नये. छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांची गोळ्यांची पट्टी पाहा. कालची गोळी अजून त्यात असेल, तर प्रेमाने विचारा. एवढे झाले तरी आमचे बोलणे कारणी लागले.

जयभीम!