ताटाजवळ बसायला माणूस हवा



मी बँकेत क्लार्क आहे, डॉक्टर नव्हे. घरात जे भोगले तेवढेच, मुलीची परवानगी घेऊन, सांगतो.

अकरावीत असताना ती जेवण टाळू लागली. 'कॉलेजात खाल्लं,' म्हणे आणि डबा गल्लीतल्या कुत्र्याला जाई. ऐन उन्हाळ्यात हात गार. नातलग मात्र कौतुक करीत, 'छान बारीक झालीस!' माझ्या आईने १९७२च्या दुष्काळात मिलोची भाकर अन् सुकडी खाऊन दिवस काढले. भरल्या ताटावरून नात उठते, हे तिला कसे पटावे? मीही एकदा ओरडलो, 'अन्नाचा माज आलाय तुला!' पुढचे दोन दिवस पोरीने पाण्याखेरीज काही घेतले नाही.

मग ती चक्कर येऊन पडली. पाळी बंद झाल्याचेही तेव्हाच कळले. मानसोपचार तज्ज्ञ म्हणाले, हा अ‍ॅनोरेक्सिया. हट्ट नव्हे, आजार आहे. मुलग्यांनाही होतो. उपासमारीने मनच बदलते. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुण प्रयोगासाठी स्वेच्छेने अर्धपोटी राहिले. तेही उदास, चिडखोर झाले, सतत अन्नाचाच विचार करू लागले. मग सोळा वर्षांच्या पोरीची काय कथा!

लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात १९८०च्या दशकात एक उपचारपद्धती आकाराला आली. आईवडिलांना दोष द्यायचा नाही. उलट मुलाच्या जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडेच सोपवायची. आमच्याकडे तसेच चालले. ताट सौ. वाढणार, मी शेजारी बसणार. वजनावर, दिसण्यावर एक अक्षर नाही. क्रिकेट, शेजाऱ्यांची भांडणे, काहीही बोलायचे. एका पोळीला तास लागे. ती ताट ढकली, रडे. 'राग तुझ्यावर नाही, आजारावर आहे,' एवढेच म्हणून बसून राहायचे. पगाराच्या दिवशीची काउंटरवरची रांग त्यापुढे सोपी!

एक मात्र ध्यानात ठेवा. फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर खाऊ घालू नका. रक्तातले फॉस्फेटसारखे क्षार घसरून हृदयावर बेतते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. कोठे जावे हे कळत नसेल तर २०२२ साली सुरू झालेली सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत लागतो.

मुलगी आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा जवळ आली की तिचे ताट अजूनही लहान होते. मग मी माझे ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसतो.