प्रकाश आणि उष्णतेला दाद देणारे सेंद्रिय ट्रान्झिस्टर

मोबाइलमधील फ्लॅश स्मृती सिलिकॉनच्या रचनेवर उभी आहे. तिच्या मूळ रूपात ट्रान्झिस्टरमधील प्रवाहाचे नियमन करणाऱ्या गेटखाली विद्युतरोधकाने चहूबाजूंनी वेढलेले आणखी एक गेट असते, त्यात इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि वीज गेली तरी ते तेथेच राहतात. 1967 मध्ये बेल प्रयोगशाळेत कांग आणि झी यांनी ही कल्पना मांडली. सेंद्रिय ट्रान्झिस्टरमध्ये, म्हणजे कार्बनी रेणूंच्या पातळ थरातून वीज वाहणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये, स्मृतीचे काम खुद्द पदार्थाकडे सोपवता येते, आणि या विषयाचे खरे महत्त्व तेथेच आहे. प्रकाश किंवा उष्णता लागताच बदलण्याचा जो स्वभाव एरवी दोष ठरतो, त्यालाच येथे कामाला लावले जाते.

किरणांनी बदलण्याच्या अशाच स्वभावाचा अभ्यास पवईच्या आयआयटी मुंबईत झालेला आहे. प्रा. व्ही. रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले की पीथ्रीएचटी या बहुवारिकाच्या, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या, थरावर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण पडले असता त्याची वाहकता बदलते आणि त्या बदलावरून किरणांची मात्रा अजमावता येते. त्याआधी बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात के. एस. नारायण यांच्या गटाने 2001 मध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारा बहुवारिक ट्रान्झिस्टर सादर केला होता, आणि 2004 मध्ये प्रकाशाने निर्माण झालेला भार गेटच्या विद्युतदाबाने राखता येतो, तसाच पुसताही येतो, हे दाखवले होते.

पुढचे मोठे पाऊल स्ट्रासबर्ग येथील पाओलो सामोरी यांच्या गटाने आपल्या सहकाऱ्यांसह 2016 मध्ये टाकले. त्यांनी पीथ्रीएचटीमध्ये डायअरिलइथीन मिसळले. या रेणूचे कडे अतिनील प्रकाशाने मिटते आणि हिरव्या प्रकाशाने उघडते. कडे मिटलेले असताना तो धनभारवाहकांना, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांना, अडकवून ठेवतो, त्यामुळे प्रवाह घटतो. कडे उघडताच वाट मोकळी होते. अवघ्या 3 नॅनोसेकंदांच्या लेझर-स्पंदांनी प्रवाहाच्या 256 हून अधिक पातळ्या वेगवेगळ्या ओळखता आल्या, म्हणजे जेथे साधा घटक एकच बिट साठवतो तेथे आठ बिट मावले. नोंद 500 दिवसांहून अधिक टिकली, हे विलक्षणच; मात्र लिहिण्या-पुसण्याची सुमारे 70 आवर्तनेच दाखवली गेली होती, आणि हजारो आवर्तने सोसणाऱ्या फ्लॅशपुढे ही संख्या फारच तोकडी आहे.

उष्णतेची भूमिका दुहेरी आहे. डायअरिलइथीनची दोन्ही रूपे सामान्य तापमानाला स्थिर राहतात, म्हणून नोंद टिकते; अझोबेन्झीन या दुसऱ्या रेणूचे प्रकाशाने वाकलेले रूप मात्र आपोआप मूळ आकाराकडे परतू लागते आणि ऊब वाढली की ते अधिक लवकर परतते. पीव्हीडीएफ-टीआरएफई या सहबहुवारिकात माहिती रेणूंच्या विद्युत-द्विध्रुवांच्या दिशेत असते, आणि क्यूरी तापमान ओलांडले की त्या दिशा विस्कटून लेखन पुसले जाते. त्यामुळे प्रकाशाने लिहिणे आणि उष्णतेने पुसणे, अशी कामाची वाटणी एकाच पातळ, वाकणाऱ्या पट्टीवर करता येण्याजोगी आहे. औषधाच्या खोक्याला वाटेत ऊन लागले का, हे सांगणाऱ्या चिठ्ठीसाठी याहून योग्य साधन क्वचितच सुचेल. त्यासाठी आधी प्राणवायू आणि दमट हवा यांच्यापासून पीथ्रीएचटीचे रक्षण करणारे स्वस्त वेष्टन लागेल, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते महिनोन्महिने टिकले पाहिजे.