गवतावरचे यंत्र आणि माणसाचा हात



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, काव्य ऐकता, राजकारणही ऐकता. आज गवत कापण्याच्या यंत्राविषयी ऐकायला आपण एवढ्या संख्येने आलात, हा आपला मोठेपणा आहे. विषय ऐकून कोणी हसलेही असेल. पण ज्या गोष्टीत माणसाचा हात जातो, ती गोष्ट लहान नसते, असे मी माझ्या कामात शिकलो.

हे यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. आमचे लोक त्याला स्लॅशर म्हणतात. विमानतळाची मोकळी जमीन, लष्कराची मैदाने, कृषी विद्यापीठांची आवारे, अशा ठिकाणी एकरांनी गवत माजते. पाच फूट रुंदीचे यंत्र घेऊन ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटर चालला, तर तासाला सुमारे पावणेदोन एकर गवत आडवे होते. विळा घेऊन ओळीने बसणाऱ्या बायकांच्या टोळीला जे काम कित्येक दिवस पुरते, ते एक माणूस एका दिवसात उरकतो. तेव्हा पहिला प्रश्न पोटाचाच येतो.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडात स्ट्राउड या कापड गिरण्यांच्या गावी एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. लोकरीच्या कापडावरची लव छाटणारे यंत्र त्याने पाहिले आणि तीच युक्ती हिरवळीला लावली. गवत कापण्याच्या त्या पहिल्या यंत्राचे पेटंट 1830 सालच्या ऑगस्टमधले आहे. आता योगायोग पाहा. त्याच ऑगस्टात केंट परगण्यातल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडायला सुरुवात केली. हिवाळ्यातली मळणी हीच त्यांची भाकरी होती आणि ती यंत्राने हिरावली होती. सरकारने 19 जणांना फासावर चढवले आणि जवळजवळ 500 जणांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडे धाडले. श्रीमंतांच्या बागेतली हिरवळ कापायला यंत्र आले आणि भाकरी मागणाऱ्याला काळे पाणी मिळाले, दोन्ही एकाच सुमारास.

त्या मजुरांच्या दुःखापुढे मी मान लववतो. पण यंत्र फोडावे, असे मी सांगणार नाही. भर उन्हात वाकून गवत कापणाऱ्या बाईच्या कमरेला विचारा. विळ्याचे कौतुक ती करणार नाही. यंत्राने वाचवलेल्या श्रमाचा वाटा तिला मिळावा, तिला त्याच आवारात दुसरे काम मिळावे, एवढेच तिचे मागणे असते. आणि ते वावगे नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि तोच आज मला मुख्यतः मांडायचा आहे. बडिंगचे यंत्र कात्रीसारखे होते. फिरती पाती खालच्या पट्टीला घासत आणि गवत मधे कातरले जाई. स्लॅशरचे तसे नाही. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक फिरता दांडा निघतो, त्याला पीटीओ म्हणतात. विक्रीच्या ट्रॅक्टरवर तो प्रथम 1918 साली अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने दिला. त्याचा वेग पुढे मिनिटाला 540 फेरे असा ठरून गेला. या दांड्याची गती दंतचक्रांच्या पेटीत जाते, आडवी फिरक उभी होते आणि खाली जमिनीला समांतर पाती गरगर फिरू लागतात. पाती खिळीवर सैल लोंबतात. दगड लागला तर मागे वळतात, म्हणून मोडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही यंत्रे फैलावली. 1951 साली अलाबामातल्या सेल्मा गावी निघालेल्या बुश हॉग कंपनीचे नाव तर तिथे यंत्रालाच पडले.

म्हणजे हे यंत्र गवत कातरत नाही, फटक्याने तोडते. पाच फुटांच्या फेऱ्यात पाते मिनिटाला हजार वेळा फिरले, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 287 किलोमीटर होतो. अशा पात्याखाली खडा, तारेचा तुकडा किंवा बाटलीची काच आली, तर ती गोळीसारखी सुटते. शंभर फुटांवर उभ्या असलेल्या वाटसरूलाही ती लागू शकते. म्हणून पुढेमागे साखळ्यांची झालर लावलेली असते. ती शोभेची नव्हे. आणि ट्रॅक्टर बंद केला तरी जड पाती काही वेळ फिरतच राहतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आता त्या दांड्याचा हिशेब करू. मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. दांड्याचा घेर वीतभर धरला, तर एका सेकंदात सहा-सात फूट कापड त्याला गुंडाळले जाते. सदऱ्याची बाही किती लांब असते? ‘अरे’ म्हणायलाही अवकाश मिळत नाही.

एका मोठ्या संस्थेच्या आवारात मी हे पाहिले आहे. नाव घेत नाही. दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण काढून ठेवले होते, कारण ते असताना ग्रीस भरायला वेळ लागे. मदतनीस पोरगा चालू दांड्यावरून पलीकडे वाकला. त्याचा उजवा हात गेला. चौकशी झाली आणि अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे शब्द आले. आवरण मात्र कोठीत धूळ खात पडलेले मी स्वतः दाखवले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

कारखान्यात फिरत्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमाने केली. पण मैदानाला भिंती नाहीत, दारावर निरीक्षक नाही. तिथे यंत्राबरोबर जे कुंपण फिरते, तेवढेच कुंपण. आपल्या देशात मळणीयंत्रांनी कितीतरी शेतमजुरांचे हात खाल्ले, तेव्हा 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. नुसते ‘जपून काम करा’ म्हणून भागत नाही, यंत्र घडवणाऱ्यावरही जबाबदारी आहे, हे त्यात मान्य झाले. केंटच्या मळणीयंत्राने भाकरी नेली, आपल्याकडच्या मळणीयंत्राने हात नेले. कायदा सुचायला दीडशे वर्षे लागली. गवताच्या यंत्रासाठी पुन्हा तेवढी वाट का पाहावी?

आपण नागरिक काय करू शकता? आपल्या करातून आणि वर्गणीतून राखल्या जाणाऱ्या मैदानावर हे यंत्र दिसले, तर तीन गोष्टी विचारा. दांड्यावर आवरण आहे का? साखळ्या जागेवर आहेत का? कापणीपूर्वी दगड आणि तारा वेचल्या का? वेचायला माणसे लागतात. विळा ठेवलेल्या बाईला काम कुठून द्यायचे, याचे एक उत्तर तिथेच आहे.

सकाळी आपण हिरवळीवर फिरायला जाता, पोरे खेळतात, गवत सारखे कापलेले पाहून मन प्रसन्न होते. ती प्रसन्नता कोणाच्या हाताच्या मोलाने मिळू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.