फिल्मची पिशवी विसरली तेव्हा



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, आणि उठता उठता एक ताई म्हणाली, "जरा थांबा, मला एक विचारायचंय."

तिचा सात वर्षांचा मुलगा चिंचेच्या झाडावरून पडला होता. डोक्याला मार लागला, उलट्या सुरू झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन काढला. तिथून जिल्ह्याला न्यायला सांगितलं. घाईगडबडीत फिल्मची पिशवी बाकावरच राहिली. जिल्ह्याला डॉक्टरांनी फिल्म मागितली, ती नव्हती, म्हणून त्याच रात्री पुन्हा स्कॅन काढावा लागला. पोरगं बरं झालं, आता शाळेत जातं. पण नंतर कुणीतरी तिला मोबाईलवर दाखवलं, की सीटी स्कॅनमुळे मुलांना कॅन्सर होतो. तेव्हापासून तिला झोप नाही. "ताई, पिशवी मी विसरले. माझ्या चुकीनं पोराला काही होईल का?"

मी काही डॉक्टर नाही. मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं, आणि तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

एक्स-रे आणि सीटी स्कॅन दोन्हीत क्ष-किरण वापरतात. हे किरण जास्त प्रमाणात गेले तर शरीरातल्या पेशींना इजा होऊ शकते आणि पुढे कधीतरी त्यातून कॅन्सर होऊ शकतो. पण प्रमाण बघा. जमिनीतून, आकाशातून थोडं रेडिएशन आपल्याला रोजच मिळत असतं. असं काही दिवसांत जेवढं मिळतं, तेवढंच छातीच्या एका एक्स-रेतून मिळतं. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये काही महिन्यांचं, तर पोटाच्या स्कॅनमध्ये दोन-तीन वर्षांचं मिळतं. म्हणजे साधा एक्स-रे आणि सीटी स्कॅन एका तागडीत तोलायचे नाहीत.

मुलांची काळजी जास्त का? त्यांच्या पेशी भराभर वाढत असतात, त्यामुळे इजा लवकर होते. पुढं आयुष्यही मोठं असतं. आणि मशीन मोठ्या माणसाच्या मापावर ठेवलं, तर लहान अंगाला गरजेपेक्षा जास्त किरण मिळतात.

याचा अभ्यास युरोपातल्या नऊ देशांत झाला. लहानपणी किंवा तरुणपणी, म्हणजे बावीस वर्षांच्या आत, सीटी स्कॅन झालेल्या जवळजवळ साडेनऊ लाख जणांची माहिती तपासली. 2023 साली निष्कर्ष आला. किरण जितके जास्त, तितका रक्ताच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण आजच्या पद्धतीनं 10,000 मुलांचे स्कॅन काढले, तर पुढच्या बारा वर्षांत त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होणारी मुलं एक किंवा दोन.

म्हणून त्या ताईला म्हटलं, दोन स्कॅन झाले तरी तुझ्या पोराचा धोका फार थोडा आहे. किरण अंगात साठून राहत नाहीत, त्याच्यापासून घरात कुणाला काही होत नाही. आणि डोक्यात रक्तस्राव असता नि तो कळला नसता, तर? तो धोका त्याच रात्रीचा होता.

हे नीट ध्यानात घ्या. मूल पडलं आणि शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, फिट आली, गुंगी आली, किंवा कानानाकातून रक्त वा पाणी आलं, तर ताबडतोब दवाखाना गाठा. डॉक्टरांनी स्कॅन सांगितला तर कॅन्सरच्या भीतीनं नाही म्हणू नका.

पण उलटंही होतं. डॉक्टर म्हणतात, मार किरकोळ आहे, काही तास लक्ष ठेवू. आणि आपणच हट्ट धरतो, "एकदा स्कॅन काढूनच टाका, मनाची शांती." त्या शांतीसाठी लेकराला विनाकारण किरण देऊ नका.

घाई नसेल तेव्हा हे प्रश्न बिनधास्त विचारा. हा स्कॅन कशासाठी? सोनोग्राफीनं भागेल का? पोटदुखीत पुष्कळदा भागतं. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आधीची फिल्म चालेल का? मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावलंय ना? असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

मूल रडतं म्हणून आत धरून बसायची वेळ आली, तर शिशाचा एप्रन मागून घ्या. दिवस गेले असतील किंवा पाळी चुकली असेल, तर तसं आधी सांगा आणि मुलाला दुसऱ्या कुणाला धरू द्या. बाकीची पोरं बाहेरच ठेवा.

आणि शेवटचं, पिशवीचं. आमच्या गटानं त्याच दिवशी ठरवलं. प्रत्येकीनं घरात मुलांची एक फाईल करायची. फिल्म, सीडी, रिपोर्ट सगळं त्यात. कोणता स्कॅन, कुठं, कोणत्या तारखेला काढला, हे वरच्या कागदावर लिहायचं. रेशनकार्ड ठेवतो तिथंच ती ठेवायची आणि दवाखान्यात निघताना पहिली हातात घ्यायची. एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवलं, तर फिल्म मागून घेतल्याशिवाय गाडीत बसायचं नाही.

पहिली फाईल त्या ताईनंच केली. पुढच्या बैठकीला दाखवायला घेऊन आली होती.

तुमच्याही गटात हा विषय काढा.