दहा दिवसांचं बिल

एपिसोडमध्ये जे बोललो तेच इथं लिहून टाकतोय. मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे काढलेत. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांनी केएमटीत बसल्या बसल्या वाचा.

सुरुवात कॉफीपासून करतो. मला माहितीये, कोल्हापूरचा माणूस आणि कॉफी म्हणजे जरा अतीच झालं. पण पुण्यात नोकरीला असताना आमच्या टीममधल्या एकीनं अराकूच्या कॉफीचं पाकीट आणलं होतं. अराकू म्हणजे आंध्रातली, पूर्व घाटातली दरी. तिथले आदिवासी शेतकरी एकेक-दोनदोन एकरांवर कॉफी लावतात, सहकारी संस्थेमार्फत विकतात, आणि 2017 मध्ये त्या कॉफीचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं. ऑफिसात सगळे भारी इम्प्रेस झाले. मी पण झालो. रात्री रूमवर जाऊन त्याबद्दल वाचत बसलो.

वाचताना एक गोष्ट डोक्यात अडकली. कॉफीचं लाल फळ झाडावरून तोडलं की त्याच दिवशी त्याची साल काढायला लागते, नाहीतर ते आंबायला लागतं, चव बिघडते. आता एक एकरवाल्याकडं ते मशीन कुठनं असणार? मग दारात जो व्यापारी येईल, तो सांगेल तो भाव. 'उद्या बघू' म्हणायची सोयच नाही. सहकारी संस्था तिथं काय करते, तर फळं एकत्र गोळा करते, पिकलेली-कच्ची वेगळी करते, एका ठिकाणी प्रक्रिया करते आणि मग विकते. शेतकऱ्याच्या हातात माल टिकवायची ताकद येते. भाव करायचा तर आधी माल टिकला पाहिजे, इतकं साधं आहे ते.

आणि मला एकदम आमची गावातली डेअरी दिसली.

कारण दूध हे कॉफीपेक्षा वाईट. धार काढली की तीन-चार तासांत काहीतरी करायलाच पाहिजे. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी गवळी यायचा, मापानं दूध घ्यायचा, आणि सणाच्या आधी दर पाडायचा. का पाडायचा? कारण त्याला माहीत होतं की ही बाई दूध ओतून देणार नाहीये.

आमच्या जिल्ह्यात हे चित्र पालटलं ते संघामुळं. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, 16 मार्च 1963 ला सुरू झाला. गुजरातेत खेडा जिल्ह्यात 1946 पासून हे चाललेलं होतंच, त्याचं पुढं अमूल झालं. रचना तीच. गावात प्राथमिक संस्था, तिच्यावर जिल्ह्याचा संघ. आज गोकुळचं संकलन रोज 15 लाख लिटरच्या वर जातं आणि त्यातलं बरंच दूध मुंबई-पुण्याला जातं. मुंबईकराला चहात म्हशीचं घट्ट दूध लागतं, आणि आमच्याकडं म्हशी आहेत. हिशोब जुळला.

पण मला आकड्यांपेक्षा आमच्या घरातली एक पावती जास्त इंटरेस्टिंग वाटते.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी वर्क फ्रॉम होम म्हणून गावी आलो. गाव करवीर तालुक्यातलं, नाव सोडून देऊ. घरी दोन म्हशी, एक एकर दहा गुंठे रान, त्यात ऊस. बाबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत. मी बीटेक केलेला, म्हणून मला वाटलं आपण दूध उत्पादकांसाठी ॲप काढू. दराचा अंदाज वगैरे. आईला म्हटलं, तुझ्या पावत्या दे. तिनं डब्यातनं गठ्ठा काढून दिला आणि म्हणाली, "आधी वाचायला शीक."

खरंच येत नव्हती वाचायला. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. एसएनएफ म्हणजे दुधातला स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग. म्हशीच्या दुधाला 6 फॅट आणि 9 एसएनएफ हा पाया धरतात, गाईला 3.5 आणि 8.5. त्यावर पॉइंटप्रमाणे दर वाढतो, खाली गेला की कापतात. डेअरीच्या भिंतीवर ते दरपत्रक लावलेलं असतं, आडवं फॅट, उभं एसएनएफ, दोघांच्या चौकात दर. आमच्या धंद्यात ह्याला लुकअप टेबल म्हणतात आणि आम्ही त्याचं फार कौतुक करतो. इथं ते चुन्याच्या भिंतीवर होतं, आणि सातवी शिकलेल्या बायका ते तोंडपाठ सांगत होत्या.

ह्यातली गंमत बघा. नुसत्या लिटरवर पैसे दिले असते तर पाणी घालणारा जिंकला असता. फॅटवर पैसे दिले की पाणी घालून उपयोग शून्य. कुणाच्या प्रामाणिकपणावर काही अवलंबून नाही, मापच तसं आहे. पूर्वी ॲसिड घालून काचेच्या नळीत फॅट बघायचे, आता मशीनवर अर्ध्या मिनिटात आकडा येतो. त्या आकड्यावरनं भांडणंही होतात. "काल सात लागली, आज सहा कशी? म्हस तीच, वैरण तीच." हे वाक्य मी रोज ऐकलंय. मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं हे विचारणारा मात्र गावात मी पहिलाच निघालो, आणि सेक्रेटरींनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

तर, बिल. दर दहा दिवसांनी बिल. आकडे सोपे धरू. रोजचं आठ लिटर दूध, दर 50 रुपये, दहा दिवसांचे झाले 4,000. त्यातनं पेंडीची कपात, कारण पशुखाद्य डेअरीतनंच उधार आणलेलं. डॉक्टरचं काही असलं तर ते. हातात 2,000 येतात असं धरा. आई दोन्ही वेळचं मिळून सहा तास राबते. धार, शेण, वैरण कापणं, उसाचं वाडं आणणं, म्हशी धुणं. दहा दिवसांचे साठ तास. मी लॅपटॉपवर भागाकार केला आणि तिला दाखवला. तासाला 33 रुपये.

"आई, हे परवडत नाही. म्हशी वीक."

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "ऊस किती महिन्यांचा?"

ऊस रानात बारा ते अठरा महिने उभा. कारखान्यानं नेल्यावर कायद्यानं 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, ते कसे येतात हे ऊसवाल्यांना मी सांगायला नको. म्हणजे वर्ष-दीड वर्षातनं एकदा पैसा. कॉफीवाल्याचं तेच. फळं थंडीत एकदाच, आणि अरेबिकाचा जगातला भाव ठरतो न्यूयॉर्कच्या बाजारात.

"मग मधले महिने तुझी मेस कशानं भरली?"

मेसच्या पैशाबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. ते यायचे. महिन्याच्या एक-दोन तारखेला, अकराला, एकवीसला थोडे थोडे. मला वाटायचं बाबांना जमेल तसं पाठवतात. ते बिलाचे दिवस होते.

तेव्हा मला कळलं की माझा भागाकार बरोबर होता आणि प्रश्न चुकीचा. सहकारानं आमच्या घराला श्रीमंत केलं नाही. दर दहा दिवसांनी हमखास पैसा दिला, आणि त्या पैशाच्या भरवशावर पेंड उधार मिळाली, दुकानदारानं वही उघडी ठेवली, म्हशीला कर्ज मिळालं. सावकाराच्या दारात जायची वेळ आली नाही. दिवाळीला दूध दर फरक येतो, त्याची घराघरात चर्चा असते, पण खरा जीव त्या दहा दिवसांत आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात रस्ते बंद झाले, संकलन ठप्प झालं, तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी चुलीवर दूध आटत होतं. त्या दिवसांत आई पाण्याला जेवढी घाबरली नाही तेवढी चुकलेल्या बिलाला घाबरली होती.

आता दुसरी बाजू, ती सांगितली नाही तर हे जाहिरातीसारखं वाटेल.

पावतीच्या गठ्ठ्यावर नाव कुणाचं होतं? बाबांचं. सभासद बाबा. खातं बाबांचं. एसएमएस बाबांच्या फोनवर. बाबांना आजही म्हशीची धार काढता येत नाही, हे ते स्वतःच हसत सांगतात. वार्षिक सभेला बाबा जातात, फेटा आणि चहा घेऊन येतात. बावीस वर्षं दूध घालणाऱ्या बाईला त्या सभेत हात वर करायचा हक्क नाही.

आणि हे वरपर्यंत जातं. संघाच्या निवडणुकीत दूध उत्पादक थेट मत देत नाही. प्रत्येक संस्था ठराव करून एक माणूस ठरवते, तो मत देतो. म्हणून निवडणूक आली की आमच्याकडं 'ठरावधारक' हा शब्द एखाद्या नवरदेवासारखा मिरवतो. 2021 ला सत्ता बदलली तेव्हा सगळ्या जिल्ह्याचं लक्ष त्या ठरावधारकांवर होतं. संचालक मंडळात महिलांसाठी राखीव जागा आहेत, जिल्ह्यात बायकांच्या स्वतंत्र दूध संस्थाही आहेत, आणि त्या ठिकाणी नाव आणि काम एकाच बाईचं असतं. आमच्या गावात तसं नाही.

ॲप मी केलं नाही. त्याऐवजी मागच्या दिवाळीत आईच्या नावानं सभासदत्वाचा अर्ज लिहिला. बाबांनी लगेच संमती दिली, उलट "आधी का नाही सुचलं" म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, "नाव कुणाचं का असेना, दूध तर येतंयच की." मी म्हटलं, काका, दूध येतंय म्हणूनच.

अर्ज कमिटीपुढं ठेवतो म्हणालेत. दोन मीटिंगा झाल्या, विषय निघाला नाही. आईनं मात्र बँकेत स्वतःचं खातं काढून ठेवलंय आणि मोबाइल नंबर तिचाच दिलाय. परवा फोन करून विचारत होती, मेसेज मराठीत येतो का इंग्रजीत. पुढच्या मीटिंगला काय होतं ते सांगतोच. तुमच्या घरच्या दूध बिलावर कुणाचं नाव आहे, ते तेवढं बघून ठेवा आणि मला व्हॉइस नोट पाठवा.