डब्याच्या आतले छायाचित्र

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



लष्करात राहणाऱ्या माणसाने आयरिश समुद्रातल्या एका बेटावरील आगगाडीविषयी बोलावे, आणि तेही आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते त्या बेटावरून सुरू होऊन याच शहरात येऊन थांबते. तेवढा धीर आपण धरावा, ही विनंती.

आइल ऑफ मॅन हे बेट इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधोमध आहे. क्षेत्रफळ अवघे ५७२ चौरस किलोमीटर. तेथे १ जुलै १८७३ रोजी डग्लस ते पील अशी पहिली आगगाडी धावली. पुढल्याच वर्षी दुसरा मार्ग दक्षिणेकडे पोर्ट एरिनपर्यंत गेला. रुळांमधील अंतर तीन फूट, म्हणजे आपल्या श्योपूरच्या गाडीपेक्षा फक्त एक फूट जास्त. मोटारी वाढल्या तशी ही गाडीही संकटात आली. १९६६ साली एकही प्रवासी गाडी धावली नाही. १९६८ नंतर पील आणि रॅम्झी यांचे मार्ग कायमचे बंद झाले. पोर्ट एरिनचा सुमारे पंचवीस किलोमीटरचा मार्ग तेवढा तगला. १९७८ मध्ये तो बेटाच्या सरकारने आपल्याकडे घेतला, आणि उन्हाळ्याच्या हंगामात त्यावर आजही वाफेची इंजिने धावतात.

लिव्हरपूलहून जहाजाने मी तेथे गेलो तो इंजिनांची छायाचित्रे घेण्यासाठीच. १८७४ साली मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यात घडलेले ‘लॉख’ हे इंजिन पाहावे, अशी फार दिवसांची इच्छा होती. मात्र डग्लसच्या फलाटावर पाहतो तो इंजिनाभोवती कॅमेऱ्यांची दाटी, आणि मागे लाकडी डब्यांची दारे उघडी. तिकडे पाहणारा कोणी नाही. मी एका रिकाम्या डब्यात शिरलो आणि तेथेच अडकलो.

जुन्या डब्याच्या आतले छायाचित्र घेणे वाटते तितके सोपे नाही. पहिली अडचण जागेची. या गाडीच्या बहुतेक डब्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारी वाट नसते. आडवे कप्पे, समोरासमोर दोन बाके आणि दोन्ही बाजूंना दारे, एवढाच संसार. मागे सरकावे तर पाठ भिंतीला लागते. रुंद दृश्य टिपणारे भिंग लावावे तर चौकटी कलंडतात. त्यासाठी कॅमेरा अगदी समतल ठेवावा लागतो; तो किंचितही वर-खाली कलला की दाराच्या उभ्या कडा एकमेकींवर झुकू लागतात.

दुसरी अडचण प्रकाशाची. खिडकीबाहेर उन्ह असेल तर तेथला उजेड आतल्यापेक्षा शेकडो पटींनी अधिक असतो. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. खिडकीतली हिरवळ नीट आली तर बाके काळोखात बुडतात. बाके नीट आली तर खिडकी पांढरीफटक होते. झगमगाटी दिवा वापरावा तर जुन्या वॉर्निशवर त्याचा डाग उमटतो. मी ढग येण्याची वाट पाहिली, गाडी उभी असताना कॅमेरा तिपाईवर ठेवला आणि प्रकाश सावकाश आत येऊ दिला. खिडकी थोडी विरली, तरी चालेल असे ठरवले. तो निर्णय घेतला तेव्हाच मला आपण काय करीत आहोत हे उमगले. बाहेरचा देखावा पुन्हा कोणीही टिपील. आतले टिपणारा मात्र त्या दिवशी मी एकटाच होतो.

मग मी नीट पाहू लागलो. दाराची काच खाली-वर करण्यासाठी भोके पाडलेला चामडी पट्टा होता. कितीएक हातांनी ओढून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. उंबऱ्याची फळी मधोमध झिजली होती. काही लाकूड जुने, काही नंतर बसवलेले. या रेल्वेने आपले आरंभीचे चारचाकी लहान डबे पुढे चाकांवरून उतरवून, दोन-दोन एकत्र करून नव्या लांब सांगाड्यांवर बसवले होते. म्हणजे दुरुस्ती हाही या गाडीचा इतिहासच. छायाचित्र सुंदर व्हावे म्हणून तो सांधा किंवा ती नवी फळी चौकटीबाहेर ठेवणे, ही एक प्रकारची लबाडीच होय. मी आधी पूर्ण कप्प्याचे एक चित्र घेतले, नंतर पट्टा, कडी, बाक, उंबरा यांची वेगवेगळी. शेवटी एक वृद्ध जोडपे आत येऊन बसले. त्यांची परवानगी घेऊन आणखी एक टिपले. बाक किती रुंद आणि गुडघ्यांना जागा किती, हे रिकाम्या चित्रापेक्षा त्या चित्रातच कळते.

आता आपल्याकडे येतो. ग्वाल्हेर ते श्योपूरकलाँ ही दोन फुटी रुळांवरची, सुमारे दोनशे किलोमीटरची गाडी शिंदे सरकारच्या काळात उभी राहिली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली, आणि नंतर रुंद रुळांच्या कामामुळे पुन्हा सुटलीच नाही. जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी सर्वांना ठाऊक आहे. तिची छायाचित्रे हजारोंनी निघाली असतील. श्योपूरच्या गाडीची माझ्याकडेच पन्नासच्या वर आहेत: इंजिनाची, पुलावरची, टपावर बसलेल्या माणसांची. परदेशातून परतल्यावर मी ती सगळी काढून पाहिली. डब्याच्या आतले एकही नाही.

ज्या गाडीने मी लहानपणी कितीदा तरी गेलो, तिची बाके आडवी होती की भिंतीला लागून लांबीने, यावर माझा आणि माझ्या थोरल्या बंधूंचा तासभर वाद झाला. दोघेही शपथेवर सांगत होतो. वाद मिटवायला आमच्यापाशी पुरावा नव्हता. दीड शतकापूर्वी परक्या बेटावर सुरू झालेल्या गाडीच्या दाराचा पट्टा मी भोकांसह दाखवू शकतो. माझ्या आईच्या मांडीवर डोके ठेवून मी ज्या बाकावर झोपलो, ते दाखवू शकत नाही.

याचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकीत नाही. जे रोजचे असते ते टिपावे असे वाटत नाही, आणि ते टिपायला हवे होते हे कळते तेव्हा दार बंद झालेले असते. म्हणून आजच्या या प्रसंगी माझी एकच प्रार्थना आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी मुंजीला, लग्नाला वा यात्रेला जाताना त्या डब्यात काढलेले एखादे छायाचित्र असेल. धूसर असेल, कोणाचे डोके कापले गेले असेल. ते ग्रंथालयाला द्यावे, निदान त्याची प्रत तरी द्यावी. मागे साल, ठिकाण आणि माणसांची नावे लिहावीत; नाव-तारीख नसलेले छायाचित्र म्हणजे मुखपृष्ठ फाटलेला ग्रंथ. आणि घरी जाण्यापूर्वी, ज्या दालनात आपण आज बसलो आहोत त्याचेही आतून एक छायाचित्र घ्यावे. ही कपाटे, ही लांब मेजे आणि वृत्तपत्र वाचीत बसलेली ही माणसे आज रोजची आहेत.