सळई वर की खाली?

ज्याला टेकून माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो नेवाशाचा पैस खांब दगडाचा. दगड दाब सोसतो. ताण मात्र त्याला पेलवत नाही. काँक्रीटचाही स्वभाव तोच, म्हणून ताणाच्या जागी सळई घालतात. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये ती तळाशी हवी, पण भिंतीबाहेर आलेल्या छज्ज्यात वरच्या अंगाला. नेमके इथेच बिघडते! फिटर नकाशाप्रमाणे सळ्या वर बांधतो, आणि घमेली वाहणारे बिगारी त्या तुडवून खाली दाबतात. गिलाव्याखाली दोष झाकतो. पावसात वारकरी आसऱ्याला उभे राहतात ते त्याच छज्ज्याखाली. सळ्यांखाली लोखंडी खुर्च्या आणि चालायला फळ्या हव्यातच. काँक्रीट पडण्याआधी नकाशा हाती धरून प्रत्येक सळई मोजावी. कव्हरला विटेचा तुकडा लावू नये. तो पाणी शोषतो, सळई गंजते.